एसी चांगला आहे

"शकूमावशी, नुसतं बसा हो सायकलवर. चालवू नका हवं तर."

"नुसतं बसायला बूड टेकाय जागा तर पायजे की!" शकूमावशी सायकलीच्या सीटकडं बघत म्हणाल्या. "हे कुणी केलंय गं? ज्यानं केलंय त्याला बसवा आधी हिच्यावर."

बाकीच्या दहाजणी खो खो हसल्या. मी मात्र घड्याळाकडं बघत होते. पावणेअकरा वाजले होते आणि विट्याची बाई अकराला येणार होती.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडात, मंगळवार पेठेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी बायकांची जिम होती. 'नवतनू' नावाच्या कंपनीची शाखा. पाटी मोठी, गुलाबी. खाली लिहिलेलं, 'फक्त महिलांसाठी'. महिला मोजून सात आणि त्यातल्या रोज येणाऱ्या तीन. पण त्या दिवशी जिममध्ये अकराजणी होत्या. ती माझी भिशी होती. दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो, चिठ्ठी काढायचो, खाऊनपिऊन घरी जायचो. या खेपेला मी सगळ्यांना सांगितलं, "भिशी माझ्या जिममध्ये. शिरा आहे, बटाटेवडे आहेत आणि वर एकेक गुलाबी टी-शर्ट फुकट. फक्त एक बाई बघायला येणार आहे, ती असेपर्यंत जरा हातपाय हलवायचे."

"म्हणजे बघण्याचा कार्यक्रम हाय म्हण की," शकूमावशी म्हणाल्या होत्या. "बासष्टाव्या वर्षी परत पोहे घेऊन बाहेर जायचं आलं का नशिबी!"

शकूमावशी आमच्या शेजारच्या. तोंडाच्या फटकळ, पण मला बाळंतपणात दोन महिने डिंकाचे लाडू त्यांनीच करून घातले होते. त्यांनी लुगड्यावर गुलाबी टी-शर्ट चढवला आणि दोघींच्या खांद्यांचा आधार घेऊन एकदाच्या सायकलवर बसल्या. लतावहिनीला मी ट्रेडमिलवर उभी केली. ते चार महिने बंद पडलेलं होतं. "जागच्या जागी चाल," असं मी तिला शाळेतल्या पोरींना सांगावं तसं सांगितलं. ती बिचारी बंद पट्ट्यावर पाय उचलू लागली.

फोन आदल्या दिवशी आला होता, कंपनीच्या निनाद सरांचा. चौदा महिने मी फोन करकरून थकले होते. मशीन बिघडलं, ट्रेनर पोरगी लग्न करून गेली, जाहिरातीचे कागद येईनात. हा गृहस्थ फोन उचलायचा नाही. त्या दिवशी आपणहून केला.

"मॅडम, विट्याच्या एक लेडी उद्या तुमची ब्रँच बघायला येतायत. जरा छान दिसू दे."

"छान म्हणजे कशी?"

"भरलेली," तो म्हणाला. "तुम्ही हुशार आहात, मी काय सांगायचं? त्यांनी सही केली की तुमचा विषय आपण मिटवून टाकू. मशीन अर्ध्या किमतीत परत घेऊ, करार रद्द. तुम्हाला बाहेर पडायचंय ना?"

पडायचं नव्हतं तर काय! करार पाच वर्षांचा होता आणि धंदा चालो न चालो, कंपनीला दर महिन्याला पैसे भरायचे होते. कन्याशाळेत बावीस वर्षं मी खेळाची शिक्षिका होते. गळ्यात शिट्टी, उन्हात काळवंडलेलं तोंड, पण पगार पहिल्या तारखेला. ती नोकरी सोडून, फंडाचा पैसा न् पैसा मी इथं ओतला होता. आणि तो ओतताना आंधळेपणानं ओतला असंही नाही, याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

आमचे हे म्हणाले होते, "करायचं तर कर, पण तीन ठिकाणी चौकशी कर. ताडून बघ." मी शंभर पानी वही आणली. पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडले. पहिली कंपनी मुंबईची. खर्च तीस लाख, जागा दोन हजार फूट. आमच्या नाकापेक्षा मोती जड, म्हणून खोडली. दुसरी सगळ्यात स्वस्त, नऊ लाखांत मशीन आणि पाटी. पण पुढं काही मदत कराल का विचारलं तर म्हणे, "मशीन दिल्यावर आमचं काम संपलं, पुढं तुमचं तुम्ही." तिसरी ही नवतनू. सोळा लाख. त्यांच्या पुस्तिकेत मदतीचीच चार पानं होती. ट्रेनर आम्ही देऊ, जाहिरात आम्ही करू, पहिले शंभर मेंबर आम्ही मिळवून देऊ. 'सपोर्ट'च्या ओळीत मी तिन्ही रकान्यांत खुणा केल्या आणि नवतनूच्या रकान्यात पाच चांदण्या काढल्या. पळसाला पानं तीनच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तरी मी सही करण्याआधी त्यांची एक चालू शाखा बघायला गेले होते. इस्लामपूरला, छाया माने नावाच्या बाईंची. जिम कशी गजबजलेली! बारा-पंधरा बायका, कुणी सायकलवर, कुणी वजनं उचलतीय. मानेबाईंनी चहा दिला. मी वही उघडून विचारलं, "कंपनीचा सपोर्ट कसा आहे?"

"एक फोन केला की माणूस हजर," मानेबाई म्हणाल्या. सांगताना त्या खिडकीचा पडदा सारखा करत होत्या.

परतीच्या एसटीत मी वहीत लिहिलं, 'जागा स्वच्छ. बायका भरपूर. एसी चांगला आहे.' आणि पुढच्या आठवड्यात चेक दिला.

तर त्या दिवशी पावणेअकराला मी माझाही एसी लावला. एरवी विजेच्या बिलाच्या धास्तीनं मी तो लावत नसे. हॉल गारेगार झाला. अकराजणी आपापल्या जागी बसल्या, उभ्या राहिल्या. मी दारात जाऊन एकदा सगळं लांबून बघितलं. दिसत तर छान होतं.

"कुंदा," शकूमावशींनी हाक मारली. "एक विचारू?"

"विचारा की."

"आमास्नी घाम कुठाय?"

"काय?"

"अगं, व्यायामाला आलेल्या बाया न्हवं आम्ही? आणि बसलोय कशा, हळदीकुंकवाला आल्यागत! पावडर बी पुसलेली न्हाई हिची." त्यांनी शेजारच्या सायकलवरच्या बाईकडं बोट दाखवलं. "येणारी बाई काय खुळी हाय व्हय? बघितल्याबरोबर वळखंल."

सगळ्याजणी हसल्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र इस्लामपूरचा तो हॉल लख्ख उभा राहिला. सायकलवरची जाड भिंगाच्या चष्म्याची बाई, वजनं उचलणारी ती हिरव्या पंजाबी ड्रेसातली, मानेबाईंच्या मागं उभ्या असलेल्या दोघी. एकीच्याही कपाळावर थेंब नव्हता. बावीस वर्षं मी पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. घाम म्हणजे काय, तो कधी येतो, किती येतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. आणि बघून वहीत लिहिलं होतं, एसी चांगला आहे.

म्हणजे त्याही कुणाच्या तरी भिशीतल्याच. त्यांनाही कुणीतरी शिरा कबूल केला असणार.

"काय झालं गं? अशी काय बघतीयास?" लतावहिनीनं पाय थांबवून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या हातात पाचएक मिनिटं होती. सगळ्यांना खाली उतरवून, टी-शर्ट काढायला लावून, एसी बंद करून मी त्या बाईला रिकामी जिम दाखवू शकले असते. तो विचार माझ्या मनात आला. आला नाही असं मी कुणाला सांगणार नाही. पण मागोमाग निनाद सरांचे शब्द आले, तुम्हाला बाहेर पडायचंय ना? मशीन पुसायची पाण्याची फवारणीची बाटली टेबलावर होती. मी ती उचलली आणि शकूमावशींच्या कपाळावर दोनदा दाबली.

"अगं बाई! गार हाय की गं!"

"पुसू नका," मी म्हणाले. "राहू दे तसंच."

एकेकीच्या कपाळावर, गळ्यावर, टी-शर्टाच्या पाठीवर मी पाणी मारत गेले. सुरुवातीला त्या किंचाळत होत्या, एकमेकींची चेष्टा करत होत्या. माझा चेहरा बघून हळूहळू गप्प झाल्या.

जिन्यावर पावलं वाजली.

ती असेल तेहतीस-चौतिसाची. उंच, किडकिडीत, साधी सुती साडी. खांद्याला पर्स आणि हातात शंभर पानी वही. वही बघूनच मला कसंतरी झालं.

"मी पद्मजा," ती म्हणाली. "निनाद सर बोलले असतील ना?"

"हो, या ना, बसा."

"अहो-जाहो नका करू ताई, लहान आहे मी तुमच्यापेक्षा." ती टेबलापाशी बसली, पण नजर हॉलभर फिरत होती. शकूमावशींवर येऊन थांबली. "या आजीसुद्धा येतात व्यायामाला?"

"रोज," मी म्हणाले.

शकूमावशींनी पायडल मारायला सुरुवात केली. मघापासून एकदाही मारलं नव्हतं.

पद्मजानं वही उघडली. तीन रकाने. रेघा पट्टीनं मारलेल्या. मुंबईची ती कंपनी, ती नऊ लाखांची आणि नवतनू. फरक इतकाच की तिनं लाल पेननंही खुणा केल्या होत्या.

"स्वस्तातली घेतली असती ताई, पण मला धंद्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मदत करणारं कुणीतरी पाठीशी पाहिजे. म्हणून यांचं जास्त पटतंय. सात लाख जास्त गेले तरी."

"घरून कोण आहे मदतीला?"

"कुणी नाही. मिस्टर कोइमतूरला असतात, गलाईच्या धंद्यात. आमच्याकडचे सगळेच असे सोनं गाळायला बाहेर. बाकीच्यांचे वर्षाला यात्रेला तरी येतात. आमच्यांनी तिकडं दुसरं घर केलं." हे तिनं वहीची पानं चाळता चाळता सांगितलं. "मुलगी आहे, सातवीत. सासरचं दार बंद झालं. मग भावाला म्हणाले, माझा वाटा दे."

"दिला?"

"वाटा नाही. म्हणाला, जमीन तोडून देणार नाही, पैसे घे आणि हक्कसोड करून दे. दिली करून. मागच्या सोमवारी सही केली तहसीलला." ती जराशी हसली. "आता माहेरी गेले तर पाहुणी म्हणून जायचं. दोन दिवस राहायचं आणि साडी घेऊन परत यायचं."

सायकलचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं नाही.

हक्कसोड म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, मीही माझ्या भावाला दिली होती, हसत हसत, एका पैठणीवर. पण माझ्यामागं नवऱ्याचं घर होतं. हिनं सही केली म्हणजे मागचा पूलच पाडून टाकला. तिच्याजवळ होतं ते सगळं त्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यात जाणार होतं.

"बरं, विचारते हं एकेक," ती पेन उघडत म्हणाली. "ट्रेनर दिला कंपनीनं?"

"दिला," मी म्हणाले. दिला होताच, पाच महिन्यांसाठी.

"मेंबर?"

"बघतेसच की तू."

तिनं बघितलं. लतावहिनीनं मान खाली घातली आणि जागच्या जागी पाय जोरानं उचलू लागली. तिच्या हनुवटीवरून पाण्याचा थेंब खाली पडला. पद्मजा वहीत काहीतरी लिहू लागली. मला उलटं वाचायची सवय, शाळेत टेबलापलीकडून पोरींच्या वह्या बघायचे मी. तिनं लिहिलं, 'मेंबर भरपूर. मनापासून घाम गाळतात.'

"आणि सपोर्ट, ताई? तेच मुख्य आहे माझं."

"एक फोन केला की माणूस हजर," मी म्हणाले.

शब्द न् शब्द तोच. तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी उठून खिडकीपाशी आले आहे आणि पडदा सारखा करते आहे.

तिनं वही मिटली. मला वाटलं, सुटले. पण ती उठेना. थोडा वेळ पेनशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "एक शेवटचं. हे वहीत नाही. तुमची सख्खी धाकटी बहीण असती आणि तिच्यावर माझ्यासारखी वेळ आली असती, तर तिला सांगितलं असतंत का, घे म्हणून?"

अकरा बायका एका वेळी गप्प बसल्याचं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अनुभवलं नाही. शकूमावशी सायकलवरून माझ्याकडंच बघत होत्या. नुसतं एक 'नको' म्हणायचं होतं. एक शब्द. मला वाटतं, मी तो म्हणण्यासाठी तोंड उघडलंही होतं.

"सांगितलं असतं," मी म्हणाले. "डोळे झाकून घे म्हणाले असते."

तिचे डोळे भरून आले. ती उठली आणि मी काही म्हणायच्या आत वाकून माझ्या पाया पडली.

"खूप आधार वाटला ताई तुमच्याशी बोलून," ती म्हणाली. "शाखा उघडली की पहिली फीत तुम्हीच कापायची."

ती जिना उतरून गेली. खालून रिक्षाचा आवाज आला, लांब गेला. मग बायका एकेक करून मशीनवरून उतरल्या. मी शिऱ्याचं पातेलं उघडलं, बशा मांडल्या. कुणी चमचाभर घेतला, कुणाला अचानक घरचं काम आठवलं. त्या महिन्याची चिठ्ठी काढायची राहूनच गेली.

शकूमावशी शेवटी उतरल्या. टी-शर्ट काढून त्यांनी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. पदरानं कपाळ पुसलं, गळा पुसला.

"पाणी लई गार हुतं गं कुंदा," एवढंच म्हणाल्या.

"मावशी, मी तरी काय करणार होते?"

त्या शिरा न खाता गेल्या. त्यानंतर त्या आमच्या घरी कधी आल्या नाहीत. समोर दिसल्या तर बोलायच्या, पाऊस-पाणी विचारायच्या. पण उंबरा ओलांडला नाही.

पद्मजानं पंधरा दिवसांत सही केली. नवतनूनं मला सोडलं. मशीन अर्ध्या नाही, पाव किमतीला उचलून नेली, तरी मी काही बोलले नाही. तिच्या उद्घाटनाची पत्रिका आली, गुलाबी. मी ताप आल्याचं कळवलं. मग एका खासगी क्लासच्या वसतिगृहात मुलींवर लक्ष ठेवायची नोकरी धरली. आमच्या ह्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचा मला फार राग यायचा. ती वही मी रद्दीत घातली. मनातून काही ती जाईना. विट्याची गाडी स्टँडवर लागलेली दिसली तरी मी तोंड फिरवायचे.

दोन वर्षांनी, एका दुपारी, मी वसतिगृहातल्या चादरी मोजून घेत होते तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताई, ओळखलंत? पद्मजा. विट्याची."

मी चादरींच्या गठ्ठ्यावरच बसले. दोन वर्षं मी या फोनची वाट बघत होते. ती काय काय बोलेल आणि मी काय काय ऐकून घेईन, हे माझं शंभरदा ठरवून झालं होतं. तळतळाट देईल, रडेल, पोरीची शपथ घालून विचारेल. मी सगळं ऐकणार होते.

"बोल," मी म्हणाले.

पण ती ओरडली नाही. रडलीही नाही. आवाज अगदी कोरडा, कामाचा.

"उद्या जतहून एक बाई येतीय माझ्याकडं बघायला. निनाद सरांचा फोन होता."

मी हातातली चादर खाली ठेवली.

"तुमच्याकडं त्या दिवशी किती बायका होत्या हो, ताई?"

"अकरा," मी म्हणाले.

"माझ्या ओळखीच्या सहाच येतील. पुरतील का?"

"हॉल केवढा आहे?"

"बाराशे फूट."

"मग पुरतील. लांब लांब उभ्या कर. दोघी आरशासमोर ठेव, जास्त दिसतात." माझा आवाज मलाच ऐकू येत होता.

"बरं." ती लिहून घेत असावी, कागद वाजत होता. "पोरीची फी भरायचीय हो. यातून सुटल्याशिवाय काही खरं नाही." मग म्हणाली, "तुम्ही फोन तरी उचललात. कंपनीतलं कुणी उचलत नाही."

"जतची बाई कोण आहे?"

"अंगणवाडीताई होती म्हणे. वही घेऊन येतीय." कागद पुन्हा वाजला. "ताई, आणि ते पाण्याचं... ते नुसतं कपाळावर मारायचं का?"

म्हणजे तिला कळलं होतं. कधी कळलं, मी विचारलं नाही. खिडकीबाहेर वसतिगृहाच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, घामानं निथळत होत्या.

"मानेवर पण मार," मी म्हणाले. "आणि कोमट घे. गार पाण्यानं बायका दचकतात."